उरलेलं अंतर, उरलेला वेळ

आमच्या वन्सं शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी तेवढी उतरवली, स्वभाव होता तसाच राहिला. रस्त्याने जाताना त्या पुढे आणि आम्ही सगळे मागे, ओळीत. लग्नाच्या फंदात त्या पडल्या नाहीत. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात आणि रोज वर येऊन माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवतात. मी त्यांची वहिनी. तीस वर्षं ऐकून घेतलंय, त्यामुळे त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मलाही आहे.

निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, गुडघे शेकतात. वन्संनी पेटी पोचवायचं काम धरलं. पगार नाही, फक्त तिकीट आणि खाण्याराहण्याचा खर्च. जगाच्या एका टोकाला कुणीतरी धडधाकट माणूस आपल्या हाडांतल्या मगजाच्या पेशी काढून देतो आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी आजारी माणूस त्यांची वाट बघत पडलेला असतो. त्या आजारी माणसाच्या शरीरातला रक्त बनवणारा सगळा कारखाना डॉक्टरांनी आधीच औषधं देऊन बंद पाडलेला असतो, रोगासकट. म्हणजे इकडून पेटी निघते तेव्हा तिकडे परतीची वाट उरलेली नसते. पेटी वेळेत पोचली तर तो माणूस जगू शकतो. नाही पोचली तर संपलंच. मध्ये आमच्या वन्सं.

कामाचे नियम कडक. पेटी क्षणभरही दूर करायची नाही. विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रातून जाऊ द्यायची नाही, त्यासाठी अंमलदाराशी भांडायचं, आणि भांडणात वन्संचा हात कुणी धरू शकत नाही. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, पायांपाशीच. झोपायचं नाही. पेटी कुणाची, कुणासाठी, हे विचारायचं नाही, आणि शेजारच्या प्रवाशाने विचारलं तर ‘औषध आहे’ एवढंच सांगायचं.

आणखी एक नियम होता, तो कुणी शिकवलेला नव्हता, पण पेटीवाले सगळे पाळायचे. वेळ नेहमी कमी करून सांगायची. ऑफिसने वन्संना सांगितलं होतं की पेशी दोन दिवस टिकतात. वन्सं टॅक्सीवाल्याला, तपासणीवाल्याला, तिकीट खिडकीवरच्या मुलीला दीड दिवस सांगायच्या. कारण माणसाला दोन दिवस म्हटलं की तो आधी चहा पितो. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ नाही का दहा मिनिटं पुढे! फरक इतकाच की आमच्या घड्याळाची लबाडी सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. वन्संनी ती मला सांगितली, पण एका दमात नाही. अर्धी मटार सोलताना, उरलेली आठवड्याभराने जिन्यात उभ्या उभ्या.

त्या वेळचा मार्ग सगळ्यात लांबचा होता. दोन विमानतळांमध्ये बारा हजार किलोमीटरच्या वर अंतर आणि खाली बहुतेक पाणीच. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं, म्हणजे वारा समोरून. तिकिटावर चौदा तास छापलेले असले तरी पंधरा लागतील असं निघतानाच सांगितलं. पेशी आदल्या दिवशी दुपारी काढलेल्या होत्या. विमान सकाळी उडालं आणि सूर्याच्या मागे लागल्यासारखं दिवसभर उजेडातच राहिलं.

वन्सं कडेच्या जागेवर होत्या. मधल्या जागेवर एक काकू, खिडकीशी त्यांचे यजमान. काका चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, दोघांचाही विमानाचा पहिलाच प्रवास, लेकीकडे निघालेले. काकांनी समोरच्या पडद्यावरचा नकाशा लावला आणि दुसरं काही बघितलंच नाही. दर थोड्या वेळाने ते मोठ्याने वाचून दाखवायचे: वेग इतका, उरलेलं अंतर इतकं, उरलेला वेळ इतका. मागच्या रांगेतला एक जण वैतागून कानांत बोळे घालून बसला.

“ताई, हा सरळ जायचं सोडून वरून वळसा कशाला घालतोय?” काकांनी वन्संना विचारलं. विमानाची रेघ नकाशावर कमानीसारखी वर गेली होती.

“तोच जवळचा रस्ता आहे. फुटबॉल घ्या आणि दोन टोकांना दोरा ताणून बघा. असाच वाकडा जातो.”

“आणि येताना म्हणे एक-दोन तास कमी लागतात. अंतर तेच ना?”

“तेच. येताना वारा पाठीशी असतो.”

“म्हणजे जाताना चढ आहे म्हणा की.” काका खूश झाले. मग काकूंकडे वळून म्हणाले, “एवढ्या वेळात मी डेपोच्या किती फेऱ्या मारल्या असत्या?”

“मारल्या असत्या, आणि घरी येऊन पाय चेपून मागितले असते,” काकू म्हणाल्या.

वन्संना असली माणसं आवडतात, पण त्या कबूल करणार नाहीत. त्यांनी काकूंना कान दुखू नयेत म्हणून चघळायला गोळी दिली, काकांना पाय हलवायचे व्यायाम शिकवले आणि चुकले की दटावलं. काकूंनी पायांपाशी ठेवलेल्या निळ्या पेटीबद्दल विचारलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, औषध आहे. काकूंनी आपली पिशवी बाजूला ओढून पेटीला जागा करून दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

जेवणाचे ट्रे उचलून नेले, खिडक्यांची झापडं खाली झाली, माणसं डुलायला लागली. वन्सं म्हणतात, आधी त्यांना एवढंच जाणवलं की बराच वेळ आकडे ऐकू आले नाहीत. त्यांनी वाकून बघितलं. काका पडद्याकडेच बघत होते. उजव्या हातातला कप तिरपा झाला होता आणि पाणी त्यांच्या मांडीवर सांडत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“अहो,” काकूंनी हलवलं. “अहो, पाणी सांडतंय.”

काकांनी बोलायला तोंड उघडलं. शब्द आले, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

वन्संनी शाळेत मुलं चक्कर येऊन पडलेली शेकड्यांनी बघितली होती. हे ते नव्हतं. त्यांनी हवाईसुंदरीला बोलावायचं बटण दाबलं, ती येईपर्यंत दम निघाला नाही तेव्हा उभ्या राहून हाक मारली. मागच्या भागात, जिथे विमानातले कर्मचारी आळीपाळीने पाठ टेकतात, तिथे काकांना निजवायचं ठरलं. त्यांना उचलायला दोन माणसं आली. वन्संनीही काखेत हात घातला, एकाच हाताने, कारण दुसऱ्या हातात पेटी होती. असं अर्धवट मदत करताना आपली आपल्यालाच लाज वाटली, असं त्या म्हणाल्या.

विमानात कुणी डॉक्टर आहे का, अशी विचारणा झाली. एक तरुण पुढे आला आणि आधीच म्हणाला की मी दातांचा डॉक्टर आहे. वाळवंटात एरंडसुद्धा चालतो. त्याने काकांना दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा वर गेला, उजवा पडूनच राहिला. जमिनीवरच्या डॉक्टरांशी फोन लावून दिला होता, त्याच्यावर तो हळू आवाजात बोलला. वन्सं जवळच उभ्या होत्या. झटका आहे, मेंदूला रक्त पोचत नाहीये, जितक्या लवकर इस्पितळ मिळेल तितकं बरं, एवढं त्यांना कळलं.

त्या जागेवर येऊन बसल्या. काकांसमोरचा पडदा चालूच होता. मुक्कामाला अजून पाच तास. पण नकाशावर, रेघेच्या जरा खाली, समुद्रात एक ठिपका होता, एक बेट. तिथे विमानतळ होता.

थोड्या वेळाने मोठी हवाईसुंदरी आली. केसांत पांढरी बट, आवाज शांत. विमानात चढताना वन्संनी नियमाप्रमाणे तिलाच पेटीबद्दल सांगून ठेवलं होतं. ती काकूंच्या रिकाम्या जागेवर बसली.

“कॅप्टननी विचारायला पाठवलंय. त्या बेटावर उतरता येईल. दीड तास लागेल. तिथे बरं इस्पितळ आहे. पण एकदा उतरलो की आम्हा लोकांच्या कामाचे तास संपतात. आम्हाला पुढे उडता येणार नाही. दुसरी माणसं येतील तेव्हा विमान निघणार, म्हणजे उद्या. तुम्ही मुक्कामाला पोचाल उद्या साधारण याच वेळेला. तुमची पेटी तोवर टिकेल?”

काकांना झटका आला तेव्हा पेशी काढून एक दिवस होत आला होता. उद्या याच वेळेला म्हणजे दोन दिवस भरत आले असते. भरले नसते, पण काठावर. वन्संना हा हिशोब बोटांवर मोजायची गरज नव्हती. पण उत्तर त्यांच्या तोंडातून आधीच निघून गेलं होतं.

“नाही टिकणार.”

“किती टिकते?”

“दीड दिवस.”

ती बाई लगेच उठली नाही. काही सेकंद तशीच बसली, जणू वन्सं अजून काही बोलतील. आणि वन्सं मला म्हणाल्या, “वहिनी, सवयीने बोलले असते तर माफ होतं. पहिल्यांदा सवयच होती. पण ती बसली होती ना, तेव्हा मला कळलं होतं मी काय बोललेय. तेव्हा मी गप्प बसले.”

का गप्प बसलात, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. त्या मटारच्या टरफलांकडे बघत राहिल्या आणि मग एकदम भडकल्याच. उद्याचं विमान उद्या सुटेल याची हमी कोण देणार होतं? बेटावर वादळ आलं असतं तर? पेटीतला बर्फ संपला असता तर? दोन दिवसांवर एक मिनिट जास्त झालं असतं तर? तिकडे जो कुणी पडलाय त्याच्या अंगात रक्ताचा नवा थेंब तयार होत नाहीये. काकांजवळ निदान माणसं होती, दातांचा का होईना डॉक्टर होता. ज्याच्यासाठी पेटी होती त्याचं विमानात कोण होतं? मीच ना?

हे सगळं खरं आहे. मीही त्यांना तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, “तू नको समजूत घालूस,” आणि टोपली उचलून खाली गेल्या.

हवाईसुंदरी पुढे कॅप्टनकडे गेली. मग परत येऊन मागे, काका होते तिथे गेली. तिथे ती बराच वेळ होती. मध्ये कापडी पडदा ओढलेला होता, वन्संना काही दिसलं नाही. त्या नकाशाकडे बघत बसल्या. विमानाचं चित्र बेटाकडे वळतंय की सरळ जातंय, एवढंच बघायचं होतं. ते वळलं असतं तर त्यांना राग आला असता आणि सुटल्यासारखंही वाटलं असतं. ते वळलं नाही. बेटाचा ठिपका हळूहळू मागे गेला आणि पडद्याच्या बाहेर पडला.

नंतर काकू जागेवर आल्या, काकांचा चष्मा आणि औषधांची पिशवी घ्यायला. पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रडल्याची खूण होती, पण आता त्या रडत नव्हत्या. वन्संनी स्वतःला तयार केलं. आता या विचारणार, खाली का उतरवत नाहीत म्हणून. काय सांगायचं? जागा नाही म्हणायचं? कॅप्टनला जास्त कळतं म्हणायचं?

“ताई, किती राहिलं?” काकूंनी विचारलं.

वन्संनी पडदा वाचला. “तीन हजार किलोमीटर. तीन तास पन्नास मिनिटं.”

काकूंनी मान हलवली. पेटीकडे बघितलं, मग उठून मागे गेल्या.

त्या पुन्हा आल्या तेव्हाही तेच विचारलं. “किती राहिलं?” काका वाचत होते तोपर्यंत कुणी लक्ष दिलं नव्हतं, आणि आता वन्सं काकांसारख्याच आकडे वाचत होत्या. समोरचा वारा वाढला होता. उरलेलं अंतर घटायचं, पण उरलेला वेळ हट्टाने तिथेच थांबायचा. एकदा तर अंतर शंभर किलोमीटरनी कमी झालं आणि वेळ दोन मिनिटांनी वाढला. वन्संनी खोटा आकडाही वाचला असता, पण काकूही पडद्याकडेच बघत होत्या.

“वाढला,” काकू म्हणाल्या.

“वारा आहे. कमी होईल.”

“हो. चढ आहे, असं हे म्हणाले होते.”

वन्संना तेव्हा ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते त्यांना सांगता आलं नाही. त्या उठल्या, पेटी उचलून मागे गेल्या. काका डोळे मिटून पडले होते, नाकाला प्राणवायूची नळी. दातांचा डॉक्टर त्यांच्या उशाशी जमिनीवर बसला होता आणि त्याने त्यांचा डावा हात धरला होता. तो वन्संना म्हणाला, “मला यातलं फार येत नाही, पण हात सोडला की ते डोळे उघडतात.” वन्संनी विचारलं, खाली उतरलो असतो तर? तो म्हणाला, मला ते विचारू नका. एवढंच बोलणं झालं आणि त्या परत आल्या, पेटीतलं तापमान बघितलं, ठीक होतं, पुन्हा बघितलं.

बेट मागे पडून आता इतकं लांब झालं होतं की परत फिरण्यापेक्षा पुढे जाणंच जवळचं होतं. ते कळल्यावर जरा शांत वाटायला हवं होतं. वन्संना उलट घाम फुटला. तोवर त्या कधीही उठून सांगू शकल्या असत्या की दीड नाही, दोन दिवस.

शेवटी किनारा दिसला. कॅप्टनने आधी उतरायची परवानगी मागून घेतली होती. बाकीची विमानं घिरट्या घालत थांबली आणि यांना सरळ खाली घेतलं. दार उघडल्याबरोबर रुग्णवाहिकेची माणसं चढली. सगळ्यांना जागेवर बसून राहायला सांगितलं होतं. काकांना नेताना त्यांचे बूट काढून ठेवले होते ते कुणीतरी काकूंच्या हातात दिले. काकू वन्संच्या जागेपाशी क्षणभर थांबल्या.

“तुम्ही निघा हं लगेच,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम राहील.”

वन्संना त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मला वाटतं. पण इतक्या वेळाने पाय सुजलेले, डोळ्यांत झोप आणि हातात पेटी, अशा वेळी माणूस सूचना ऐकतो, आवाज ऐकत नाही.

विमानतळाजवळ मोठं इस्पितळ एकच होतं. काकांची रुग्णवाहिका आणि वन्संची गाडी एकाच दाराने आत शिरल्या, पाठोपाठ. काका तळमजल्यावर, पेटी वरती प्रयोगशाळेत. वन्सं लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेल्या.

प्रयोगशाळेतली मुलगी हसतमुख होती. तिने पेटी उघडली, आतली पिशवी उजेडात धरून बघितली, तापमान बघितलं, सही घेतली आणि पिशवी शीतकपाटात ठेवून दार लावलं.

“कपाटात का?” वन्सं म्हणाल्या. “आता द्यायची नाही?”

“उद्या. परवा सकाळीही चालली असती, पण उद्या मोठे डॉक्टर आहेत.”

“परवा?”

“तीन दिवस टिकतात की. खूप वेळ आहे अजून. तुम्ही बसा ना, पाणी आणू?”

“आम्हाला दोन दिवस सांगतात.”

ती मुलगी हसली. वाईट नाही हसली, म्हणजे घरातलं गुपित सांगताना हसतात तशी. “तुमच्या ऑफिसला आम्ही कधीच खरा आकडा देत नाही. ते तुम्हाला कधी देत नाहीत. नाही तर पेट्या आरामात येतील ना.”

वन्संनी पाणी घेतलं नाही. जिन्याच्या वळणावर त्या बसल्या, पायरीवर, आयुष्यात पहिल्यांदा जिना अर्ध्यावर सोडून. तीनचे दोन ऑफिसने केले होते, दोनचे दीड त्यांनी. प्रत्येकाने चांगल्यासाठीच केलं होतं. या सगळ्या चांगल्या माणसांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाचे साडेतीन तास खाल्ले होते. मला हे ऐकताना इतका संताप आला की मी त्या ऑफिसला फोन करायला निघाले होते. वन्सं म्हणाल्या, “फोन करून काय सांगशील? आकडा त्यांनी दोन सांगितला होता. दीड माझा आहे.”

त्यांनी तिथेच ठरवलं. खाली जायचं आणि काकूंना सगळं सांगायचं. मारोत, थुंकोत, तोंड न बघोत. त्याशिवाय या शहरातून पाय काढायचा नाही. वन्संनी ठरवलं की ठरवलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तळमजल्यावर लांबलचक ओवरीसारख्या जागेत खुर्च्या होत्या. काकू कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर काकांचे बूट. लेक दुसऱ्या गावाहून निघाली होती, तिला यायला संध्याकाळ होणार होती. काकूंनी वन्संना बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली.

“जीव वाचला,” त्या म्हणाल्या. “उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी मिळाले असते तर बहुतेक परत आणलं असतं.”

वन्सं म्हणाल्या, “काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“आधी माझं ऐका. मला तिथपासून बोलायचं होतं, पण तुमच्यासमोर धीर झाला नाही.” काकूंनी बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. “ती मोठी बाई आली होती ना मागे. तिने मला सगळं सांगितलं. बेट आहे, उतरता येईल, पण विमानात एक पेटी आहे आणि उतरलो तर त्या पेटीची वाट बघणारा माणूस जाईल. मी म्हटलं, मला काय करायचंय त्या माणसाशी? माझा माणूस उतरवा. असंच म्हटलं मी. ती म्हणाली, तुम्ही म्हणत असाल तर कॅप्टन उतरवतील. नक्की उतरवतील. तुम्ही सांगा.”

वन्सं शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

“मग मी ह्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत ह्यांनी भरली गाडी कधी मध्ये सोडली नाही. ताप असला तरी शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. शुद्धीत असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. मीच म्हटलं, चला पुढे. कॅप्टनने नाही ठरवलं, ताई. मी ठरवलं.” त्यांनी वन्संच्या मोकळ्या हातांकडे बघितलं. “पेटी तुमचीच होती ना? मी पायाशी बघितली होती. पोचली का वेळेत?”

वन्सं सांगायचं ठरवून आल्या होत्या. सत्य त्यांच्या जिभेवर होतं, जिन्यात शब्द न् शब्द जुळवलेला. पण समोर बसलेल्या बाईने आपल्या नवऱ्याची अर्धी बाजू मोजून दिली होती आणि आता विचारत होती की ते कुठे पोचलं का. तीन दिवस, असं म्हटलं असतं तर वन्संचं ओझं उतरलं असतं. ते काकूंच्या मांडीवर गेलं असतं, त्या बुटांवर.

“पोचली,” वन्सं म्हणाल्या. “अगदी थोडक्यात. आणखी उशीर झाला असता तर काही उपयोग नव्हता.”

“वाचेल ना तो माणूस?”

“वाचेल.”

काकूंनी डोळे मिटले. मग किती तरी वेळाने पहिल्यांदा त्यांची पाठ खुर्चीला टेकली. “बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटत होतं, मी चूक केली की काय.”

तेवढ्यात परिचारिका दारात आली. ते जागे आहेत, बोलता येत नसलं तरी ऐकू येतंय, कळतंय, एकाच माणसाने आत यायचं, थोडाच वेळ. काकू उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“तुम्ही जा, ताई. मी सांगायला गेले तर रडेन. तुम्ही आणलीत ती पेटी, तुमच्या तोंडून त्यांना पटेल. सांगा त्यांना, गाडी वेळेवर पोचली.”

वन्सं आत गेल्या. काका उताणे पडून छताकडे बघत होते. वन्सं त्यांच्या चांगल्या बाजूला उभ्या राहिल्या, वाकल्या आणि सांगितलं, गाडी वेळेवर पोचली. दोनदा सांगितलं.